स्क्रॅपबुकची सुरुवात: मोजके साहित्य

प्रश्न : घरातल्या साहित्यातून स्क्रॅपबुक सुरू करता येईल का?

उत्तर : हो, पण स्क्रॅपबुकचे आयुष्य सजावटीपेक्षा कागद आणि चिकटद्रव्यावर अवलंबून असते. स्वस्त कागदात लाकडातले लिग्निन उरते. ते हवा-उजेडाने पिवळे पडते आणि त्यातून आम्ल तयार होते. वर्तमानपत्राचे कात्रण काही महिन्यांतच तांबूस होते ते त्यामुळेच. म्हणून ॲसिड-फ्री जाड कागद घ्यावा. साधारण 200 जीएसएमचा पुरतो. पुण्यात 1940 पासून तयार होणारा हातकागदही चालतो. चिंध्यांपासून केलेल्या अशा कागदात लिग्निन नसते, आणि त्याचा पोत फोटोलाही शोभतो.

बाकी साहित्य थोडेच: कात्री, पट्टी, पेन्सिल, फोटो कॉर्नर. कॉर्नरमुळे फोटोला डिंक लागत नाही आणि तो पुढे कधीही सुटा काढता येतो. सेलोटेप मात्र पूर्णपणे टाळावी. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. पातळ डिंकाने पान सुरकुतते.

एसटीचे मशीनमधून निघालेले तिकीट किंवा दुकानाचे बिल थर्मल कागदावर असते आणि त्यावरची अक्षरे उडून जातात. त्याची आणि कात्रणाची झेरॉक्स चिकटवावी. जुन्या, एकमेव फोटोची प्रत लावून मूळ फोटो वेगळा ठेवणेच शहाणपणाचे.

मांडणी आधी न चिकटवता करून पाहावी. नाव, गाव, तारीख पानावर लिहावी, फोटोवर नव्हे. कोकणातल्या पावसाळ्यात वही कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.