जुने भिंग, नवे भिंग

हौशी छायाचित्रकारांच्या मंडळीत जुन्या भिंगांची स्तुती हल्ली इतक्या भाविकपणे चालते, की नव्या, स्वयंचलित लेन्सचे नाव काढणारा मनुष्य तेथे अरसिक ठरतो. ही स्तुती सर्वस्वी निराधार असती तर प्रश्न सोपा होता. पण ती अर्धी खरी असल्यामुळेच, फोर्टातील बोरा बाजारातून मी घेतलेल्या हेलिऑस ४४-२ या सोव्हिएत भिंगाची कैफियत येथे मांडीत आहे.

झाइसच्या बायोटारवर बेतलेले हे ५८ मिलिमीटरचे, एफ/२ छिद्राचे भिंग. जवळ चेहरा, त्यामागे दूरवर झाडांची पाने आणि छिद्र पुरते उघडे असा योग जुळला, म्हणजे पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी गरगरते, आणि ती गरगर खरोखरच मोहक असते. मात्र तिरपा प्रकाश भिंगाच्या नळीनेच काही अंशी अडवल्यामुळे ती मुख्यतः चित्राच्या कडांनाच प्रकट होते. माझा कॅमेरा निकॉनचा, आरशाचा व लहान संवेदकाचा. त्यामुळे ज्या गुणासाठी दाम मोजले, तो गुण बव्हंशी चौकटीबाहेरच राहिला. त्यात या भिंगाचे एम४२ बैठकीपासून संवेदकापर्यंतचे अंतर ४५.४६ मिलिमीटर, तर निकॉनचे ४६.५. फरक जेमतेम एका मिलिमीटरचा. पण तेवढ्यामुळे दूरवरचा फोकस साधत नाही, आणि लोहगडावरून समोरचा विसापूर टिपू जाता तो धूसरच उमटतो. मध्ये काच घातलेला अडॅप्टर मिळतो खरा; पण ती हलकी काच चांगल्या भिंगाचे तेज उतरवते. सोनी ई किंवा निकॉन झेड या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत हेच अंतर अनुक्रमे १८ व १६ मिलिमीटर असल्याने तेथे साधा, बिनकाचेचा अडॅप्टर पुरतो. सबब, भिंगाची कीर्ती ऐकण्यापूर्वी आपल्या कॅमेऱ्याची बैठक व संवेदक यांची खातरजमा करावी.

दुसरी गोष्ट दमट हवेची व तिच्यामुळे भिंगात धरणाऱ्या बुरशीची. “साहेब, काच एकदम साफ आहे,” असे विक्रेता म्हणाला, आणि दुकानातील ट्यूबच्या उजेडात ती तशी दिसलीही. घरी मागून टॉर्च धरला, तेव्हा आतल्या काचेवर बुरशीचे बारीक पांढरे तंतू पसरलेले आढळले. बुरशी पुसता येते, पण तिने काचेवरील लेपावर पाडलेले व्रण जात नाहीत. म्हणून खरेदीला जाताना खिशात छोटा टॉर्च असावा, छिद्र पुरते उघडून दोन्ही बाजूंनी तिरपा प्रकाश टाकावा, आणि फोकसचे कडे टोकापासून टोकापर्यंत फिरवून पाहावे. छिद्राच्या पात्यांवरचे तेल हेलिऑसमध्ये फारसे नडत नाही, कारण तेथे छिद्र हाताने मिटावे लागते. आपोआप मिटणाऱ्या पात्यांच्या भिंगात मात्र तेच तेल घात करते. काही सुपर-टाकुमार भिंगांत थोरियमयुक्त काच असून ती वयाबरोबर पिवळी पडते. अतिनील प्रकाशात ठेवल्यास तो पिवळेपणा पुष्कळ उतरतो, तेव्हा त्यावरून सौदा मोडण्याचे कारण नाही.

माझे मत विचाराल, तर पहिली लेन्स नवीच घ्यावी, आणि तीही ५० मिलिमीटर, एफ/१.८ ची साधी. धावणारे मूल, वारीतली दिंडी, लग्नातली वरात यांपैकी कोणीही आपल्यासाठी थांबत नाही. आणि दोन मीटरवर एफ/२ ला जेथे जेमतेम दहा-बारा सेंटिमीटरची खोली स्पष्ट राहते, तेथे हाताने फोकस साधणे हे थांबणाऱ्या विषयाचेच काम. तथापि नवेपणावरही विसंबू नये: निकॉनच्या ‘डी’ जातीच्या ५० मिलिमीटर लेन्समध्ये फोकसची मोटर नसते आणि त्या कंपनीच्या प्राथमिक श्रेणीच्या अनेक कॅमेऱ्यांतही ती नसते, सबब तेथे नवी लेन्सही हातानेच चालवावी लागते. शिवाय मोटर जळाली व सुटे भाग मिळेनासे झाले, की नवी लेन्स निकामी होते. जुने यांत्रिक भिंग मात्र जाणता कारागीर खोलून, साफ करून पुन्हा चालते करतो.

एवढे समजून कोणी जुने भिंग घेणारच असेल, तर त्याने हवाबंद डबा, सिलिका जेल व आर्द्रतामापक यांचा खर्च किमतीतच धरावा, पावसाळ्यात डब्यातील आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राखावी, आणि बुरशी लागलेले भिंग इतर भिंगांच्या शेजारी चुकूनही ठेवू नये.