सरोवरांतील ट्राउट व माणसानें उघडलेली वाट

उत्तर अमेरिकेंत संयुक्त संस्थानें व कॅनडा यांच्या सीमाप्रदेशांत गोड्या पाण्याचीं पांच विस्तीर्ण सरोवरें आहेत. त्यांतील सुपीरिअर सर्वांत मोठें असून त्याची कमाल खोली सुमारें ४०६ मीटर आहे. या खोल, थंड पाण्यांत लेक ट्राउट नांवाचा बलाढ्य शिकारी मासा राहतो. त्याच्या काळपट अंगावर फिकट ठिपके असतात, शेपटी दुभंगलेली असते, व लहान मासे हें त्याचें मुख्य भक्ष्य होय. १९९५ सालीं कॅनडांतील ग्रेट बेअर सरोवरांत गळास लागलेला एक ट्राउट ७२ पौंड भरला. मात्र थंड पाण्यांत त्याची वाढ मंद असते. अंडीं घालण्याजोगा होण्यास त्यास कित्येक वर्षें लागतात. म्हणून त्याची एकदां झालेली हानि लौकर भरून येत नाहीं.

समुद्राकडून वरच्या सरोवरांकडे येणाऱ्या जलचरांस नायगाराचा धबधबा अडवून धरीत असे. १८२९ सालीं जहाजांच्या सोयीसाठीं धबधबा टाळून जाणारा वेलंड कालवा खुला झाला. याच वाटेनें लॅम्प्रे नांवाचा, सर्पाकृति व जबडा नसलेला, परजीवी जलचर पुढें सरकला. तो आपल्या वाटोळ्या, दंतयुक्त मुखानें माशास चिकटतो व त्याचें रक्त शोषतो. १९२१ त तो ईरी सरोवरांत आढळला. १९३८ पर्यंत तो सुपीरिअरलाहि पोंचला. अतिरिक्त मासेमारीची त्यांत भर पडली. वरच्या सरोवरांतून पूर्वीं दरसाल सुमारें १,५०,००,००० पौंड ट्राउट निघत. १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत हा आंकडा सुमारें ३,००,००० पौंडांवर आला. कोळ्यांची उपजीविका बुडाली.

तेव्हां दोन्ही राष्ट्रांनीं एकत्र येऊन १९५५ सालीं एक संयुक्त मंडळ स्थापिलें. लॅम्प्रेचीं पिलें कित्येक वर्षें ओढ्यांच्या गाळांत वाढतात, हें शास्त्रज्ञांनीं हेरलें. हजारों रसायनें तपासल्यावर, पिलांस मारील पण इतर बहुतेक माशांस अपाय करणार नाहीं, असें एक द्रव्य सांपडलें. १९५८ पासून तें ओढ्यांत सोडण्यांत येऊं लागलें. ट्राउटचीं पिलेंहि वाढवून सरोवरांत सोडलीं. सुपीरिअरच्या बहुतेक भागांत हा मासा पूर्वस्थितीस आल्याचें २०२४ सालीं जाहीर झालें.

तथापि शत्रु नष्ट झालेला नाहीं. २०२० व २०२१ सालीं महामारीमुळें हें काम मंदावतांच लॅम्प्रेची संख्या पुन्हां वाढली. विद्यार्थिमित्रहो, निसर्गाचा बांध फोडणें हें एका कालव्याचें काम. तो राखणें मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचें काम होऊन बसतें.