वाळू कशी दबते?

आमच्या कुरुंद्याची जमीन काळी आहे. ती पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून गवंडी घराचा पाया मुरूम लागेपर्यंत खणतात. आमच्या ओट्यात मात्र वाळू नुसती ओतली होती. पहिल्याच पावसात ओटा एका कडेला खचला. आजी पडता पडता वाचली. ती म्हणाली, "वाळूनं दगा दिला." मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "करून बघ."

साहित्य : पत्र्याचा डबा, कोरडी वाळू, लाकडी ठोकळा, काठी.

कृती : डबा वाळूनं अलगद काठोकाठ भरला. बाहेरून काठीनं टकटक केलं. वाळू एक बोट खाली गेली. कण एकही सांडला नव्हता! मग तिच्यावर ठोकळा दाबला, तर तो रुतला नाही. वाळूच्या ढिगावर दाबला, तर लगेच रुतला. वाळू बाजूला सरकली.

अनुमान : वाळूच्या कणांमध्ये मोकळी जागा असते. ओझं किंवा हादरा बसला की कण जवळ येतात. कडेला आडोसा नसला तर ते बाजूला पळतात.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. तिथं ओली सैल वाळू हादरली अन् कित्येक ठिकाणी जमिनीतून पाणी व वाळू वर आली.

बाबांनी ओटा पुन्हा बांधला. चारी बाजूंनी दगड रचले. वाळूचा एकेक थर टाकून, पाणी मारून धुमसानं ठोकला. आता आजी तिथंच ज्वारी निवडत बसते. मुलांनो, वाळू वाईट नाही, तिला नीट बसवावं लागतं.

– इयत्ता चौथी