परवाना भिंतीवरचा आणि दफ्तरातला

आखातातील नोकरीचा विषय निघाला की आमच्या महाड-पोलादपुराकडची माणसे आवाज खाली आणून बोलू लागतात, कारण ज्याचे पैसे बुडाले त्याला ते सांगण्याची लाज वाटते आणि ज्याने बुडविले तो बाजारपेठेतून उजळ माथ्याने हिंडत असतो. म्हणूनच माझ्या भाच्याचे प्रकरण, माझ्या बहिणीच्या संमतीने, मी येथे मांडीत आहे. ‘मास्तरांना प्रत्येक गोष्टीत खोट दिसते’ असे ज्यांनी त्या वेळी मला ऐकविले, त्यांनी तर ते अवश्य वाचावे.

भाचा वेल्डर, एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली राबणारा. कतारमध्ये काम देतो म्हणून एसटी स्टँडमागे बसणाऱ्या एका गृहस्थाने सव्वा लाख रुपये रोख आणि पासपोर्ट ताब्यात घेतला, आणि पावती म्हणून डायरीचे एक फाडलेले पान दिले, ज्यावर रक्कम होती, पण घेणाऱ्याचे नाव नव्हते. ‘नाव घाला’ असे मी तेथल्या तेथे म्हणालो, तेव्हा ‘विश्वासावर चालते हो हे सगळे, मास्तर’ असे उत्तर मिळाले आणि घरच्या मंडळींनी मलाच गप्प केले. पुढे मेडिकल झाले, आणि त्यानंतर जो तो तगाद्याला एकच उत्तर देऊ लागला : व्हिसा येतो आहे.

अखेर भाच्याला घेऊन मी त्या गृहस्थाच्या मुंबईतील मालकाचे कार्यालय गाठले. मालकाच्या खुर्चीमागे, काचेच्या चौकटीत, भारत सरकारचे नोंदणी प्रमाणपत्र टांगलेले होते, आणि मी शंका काढताच त्याने खुर्ची वळवून, पेनाच्या टोकाने काचेवर टकटक करीत म्हटले, ‘मास्तर, वाचा ना, मुदत अजून शिल्लक आहे.’ मी वाचली. मुदत खरोखरीच शिल्लक होती. मात्र नोंदणीचा क्रमांक मी तेवढ्यात टिपून घेतला, आणि बाहेरच्या जिन्यात उभे राहून भाच्याने तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर घालून पाहिला. त्या नावापुढे ‘रद्द’ असे लिहिलेले होते. चौकटीतील कागद खरा, त्यावरील मुदतही खरी, आणि तरीही त्या कागदाचा अंमल कधीच संपलेला!

आम्ही परत आत गेलो तेव्हा त्या मनुष्याचा चेहरा यत्किंचितही पालटला नाही, याचा संताप मला अद्याप आहे. ‘अपील केले आहे, आठ दिवसांत स्थगिती येईल, तोवर पोराला व्हिजिट व्हिसावर पाठवून देतो,’ असे तो म्हणाला, आणि मी पासपोर्ट परत मागताच मघाचा ‘मास्तर’ क्षणात ‘ओ काका, आवाज खाली’ झाला.

आता कायद्याचे सांगतो. १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाच्या १४ व्या कलमान्वये भरती-एजंटाची नोंदणी निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार नोंदणी-प्राधिकाऱ्याला, म्हणजे दिल्लीतील उत्प्रवासी महासंरक्षकाला, आहे आणि त्याच्या निर्णयावर केंद्र सरकारकडे अपील चालते. अधिकार मोठाच आहे. परंतु आदेश निघाल्यावर भिंतीवरची चौकट उतरविण्यास कोणी सरकारी शिपाई येत नाही, आणि महाडच्या दलालाला तर त्या आदेशाची झळही पोहोचत नाही, कारण त्याच्या नावावर रद्द करण्यासारखा परवानाच मुळी नसतो. शिवाय परवाना एकदा गेला की एजंटाला गमावण्यासारखे काही उरत नाही. म्हणून तक्रार करावयाची ती परवाना जिवंत असतानाच. सरकारकडे ठेवलेली लाखो रुपयांची बँक हमी आणि पुढील धंदा, या दोहोंची भीती त्याला तेव्हाच वाटते. आमच्या आधी ज्यांची फसवणूक झाली त्यांतील किती जण लाजेने गप्प राहिले असतील, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

फौजदारी फिर्यादीतील एक मेख कोणीच सांगत नाही. या कायद्याखालील खटल्यास एरवी केंद्राची पूर्वसंमती लागते. स्वतः उमेदवाराने, अथवा त्याच्या आईवडील, पतिपत्नी, मुले, भावंडे यांपैकी कोणी फिर्याद दिली तर ती लागत नाही. या यादीत मामा नाही. सगळी धावपळ मी केली, पण सही मात्र बहिणीची घ्यावी लागली.

बाकी उपदेश थोडक्यात. एजंटाचे सेवाशुल्क तीस हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी यांपेक्षा अधिक घेता येत नाही. ते बँकेतूनच द्यावे आणि पावती घ्यावी. जाहिरातीत नोंदणी क्रमांक नसेल तर तो कागद रद्दीत टाकावा. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर आखातासाठी उत्प्रवास-मंजुरी लागते. ती चुकविण्यासाठी व्हिजिट व्हिसाचा मार्ग सुचविणारा मनुष्य तुमचा हितचिंतक नव्हे. मंजुरीबरोबर दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा अवघ्या काही शे रुपयांत मिळतो, तो बुडवू नये. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. तो अडवून ठेवण्याचा हक्क कोणत्याही एजंटाला नाही, हे त्याला तोंडावर सांगावे. शंका असल्यास वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात उत्प्रवासी संरक्षकाचे कार्यालय आहे. तेथे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. आणि सर्वसाधारण सल्ला हवाच असेल तर तो हा की घाई करू नये.

पोलिसांत अर्ज गेल्यावर पासपोर्ट परत मिळाला, पैशांपैकी थोडे आले, उरलेले अजून यावयाचे आहेत. एसटी स्टँडमागचा गृहस्थ आता मलेशियाची भरती करतो. त्याच्याकडे जाण्यापूर्वी कोणाला आमच्या अर्जाची नक्कल पाहावयाची असेल तर ती माझ्या घरी आहे; आणि अर्ज लिहिताना मी स्वतः समोर बसेन.