कळलावी फुलायच्या आधी

श्रावण सरत आला की कोकणातल्या गडग्यांवर आणि सह्याद्रीच्या उतारांवरच्या झुडपांत कळलावी वर चढलेली दिसते. तिला वेगळे ताणे नसतात. पानाचेच टोक दोऱ्यासारखे लांबते आणि जवळची काडी सापडली की तिला वेढा घालते. आता काही दिवसांत कळ्या लटकतील, भाद्रपदात गौरींच्या आसपास फुले पेटतील आणि कोकणात लोक ‘गौरीचे हात’ आणायला निघतील. ज्यांनी यंदा आषाढात कळलावीचे कंद लावले आहेत, त्यांच्यासाठी पुढचे दोन महिने महत्त्वाचे आहेत.

नावावरूनच या वेलीची ताकद कळते. प्रसूतीच्या कळा लावणारी म्हणून कळलावी. संस्कृतात ती लांगली, कारण जमिनीतला कंद दुबेळक्याचा, नांगरासारखा वाकलेला असतो. तमिळनाडूत तिच्या कंदाला ‘कण्वलि किळंगु’, म्हणजे डोळेदुखीचा कंद म्हणतात, आणि त्याच राज्याने या फुलाला राज्यफुलाचा मान दिला आहे. झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूलही हेच. आयुर्वेदाने तिला उपविषांत घातले आणि शोधन केल्याशिवाय वापरायची नाही असा दंडक घातला.

हे विष म्हणजे मुख्यतः कोल्चिसिन. ते कंदात असते, बियांतही असते आणि शिजवल्याने नाहीसे होत नाही. गाऊट या सांधेदुखीवर डॉक्टर आजही ते देतात, पण अगदी मोजून. वनस्पतींच्या पेशीतील गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठीही ते वापरले जाते. बिनबियांच्या कलिंगडाचे बियाणे तयार करण्यामागे हीच युक्ती आहे. त्यामुळे औषध कारखान्यांना कळलावीचे बी हवे असते. करूर, दिंडीगुल, तिरुप्पूर या भागांतले शेतकरी ते पिकवतात, तारांच्या आधारावर वेल चढवून.

फूल मात्र नीट पाहिल्याशिवाय हे पीक हाती लागत नाही. सकाळी एक उमललेले फूल हातात धरून पाहावे. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लाल. त्या सगळ्या उलट्या वळून वर गेलेल्या असतात. खाली सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले. आणि स्त्रीकेसराची दांडी? ती बुडापाशीच काटकोनात वळून सरळ बाहेर निघालेली, परागकोशांकडे जणू पाठ करून. स्वतःचे पराग स्वतःच्या कुक्षीवर सहजी पडू नयेत अशीच ही मांडणी आहे. रानात फुलपाखरे आणि शिंजीर पराग दुसऱ्या फुलावर नेण्याचे काम करतात. शेतात शेकडो फुले एकदम उघडली की ते पुरे पडत नाहीत.

म्हणून तमिळनाडूत सकाळच्या वेळी बायामाणसे ओळीओळीने फिरून हाताने परागीकरण करतात. एका वेलाच्या फुलातले पराग मऊ कुंचल्यावर घ्यायचे आणि दुसऱ्या वेलाच्या फुलाच्या कुक्षीला हलके टेकवायचे. रोज नवी फुले उघडतात, म्हणजे रोज फेरी. हे टाळले तर फुलांनी लाल झालेल्या रानात शेंगा मोजक्याच लागतात. मजुरीचा हिशेब करताना हा खर्च आधी धरावा. बहराच्या दिवसांत सकाळी फवारणी करू नये, जे थोडे परागवाहक येतात तेही जातील.

पाऊस लांबला तर पाणी साचू देऊ नका. कळलावी मरते ती बहुधा कंदकुजीनेच. काळ्या चिकट जमिनीत ती लावलीच असेल तर चर आजच मोकळे करा. पानांवर करप्याचे डाग दिसले तर रोगट पाने काढून शेताबाहेर न्या. लाल-पांढऱ्या ठिपक्यांची काळी अळीही याच दिवसांत येते. तीच अळी बागेतल्या लिलीवरही दिसते. ती बघता बघता वेल उघडा करते, पण लहान क्षेत्रात वेचून मारणे अजूनही सर्वांत खात्रीचे.

शेंग उकलण्याआधी काढावी. हिरवा रंग बदलू लागला आणि शिवण सैल झाली की ती तयार. सावलीत वाळवली की आतले शेंदरी-लाल बी सुटते. लागवडीपासून इथवर पाच-सहा महिने जातात आणि हेक्टरी साधारण २ ते २.५ क्विंटल सुके बी मिळते. ज्वारी-सोयाबीनसारखा बाजार समितीत नेऊन ओतता येईल असा हा माल नाही. लेखी खरेदीदार नसेल तर पुढच्या मृगाला हे पीक लावू नये, कितीही मोठे आकडे कोणी सांगितले तरी. कंद हेक्टरी सुमारे २ टन लागतात आणि तोच सर्वांत मोठा खर्च असतो. ते रानातून ओरबाडून आणणे तर मुळीच नको, आपल्या डोंगरांतली वेल त्यानेच विरळ होते.

आणि घर सांभाळा. श्रीलंकेत हा कंद रताळे समजून खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडेही कणगी-करांदे खाणाऱ्या घरात ही चूक अवघड नाही. आधी ओकाऱ्या-जुलाब सुरू होतात, वाचलेल्यांचे केसही पुढे गळतात. कुणाच्या पोटात गेलेच तर घरगुती उपाय करत बसू नये, उरलेला कंद सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे. बाळंतपणासाठी कुणी मागायला आले तर देऊ नये. गौरीसाठी मागितलेली फुले जरूर द्यावीत, मात्र पूजेनंतर ती गुरांच्या वैरणीत जाऊ देऊ नयेत.

हिवाळ्यात वेल वाळला की कंद उकराल, तेव्हा हातमोजे घाला आणि फावडे लांबून चालवा. दोन्ही फाट्यांच्या टोकाला एकेक नाजूक डोळा असतो. तो मोडला की ते टोक पुन्हा फुटत नाही. ५०-६० ग्रॅमचे, डोळे शाबूत असलेले कंद वेगळे काढून कोरड्या जागी वाळूत ठेवा, आणि त्या खोलीला कडी लावा.