कुरण बुद्रुक लिहून पाहा



पानशेतच्या धरणाकाठी तंबू भाड्याने देणाऱ्यांसाठी तू केलेलं पान मामाने पाहिलं. अँड्रॉइडवर छान. पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर मात्र शीर्षक पट्टीत खाली सरकतं आणि ‘बुकिंग’चा उकार बटणाच्या कडेला कापला जातो. प्रत्येक ब्राउझरसाठी वजा मार्जिनची वेगवेगळी ठिगळं लावली आहेस, ती आधी काढ.

दोष बहुधा ब्राउझरचा नसतोच. पानाने फॉन्ट सांगितला नाही, की प्रत्येक यंत्र आपल्या घरचा काढतं. विंडोजकडे निर्मला यूआय, फार जुन्या विंडोजकडे मंगल, मॅक आणि आयफोनकडे कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडकडे नोटो सॅन्स देवनागरी. शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. या सगळ्यांसाठी किती जागा राखायची, हे प्रत्येक फॉन्ट करणाऱ्याने आपापल्या नजरेने ठरवलेलं असतं. लाइन-हाइट ‘नॉर्मल’ सोडली, की ओळीची उंची त्याच आकड्यांवरून ठरते. गंमत पुढेच आहे: एकाच फॉन्टच्या फाइलमध्ये उंचीचे एकाहून अधिक आकडे असतात, आणि विंडोज व मॅक त्यातले वेगवेगळे वाचू शकतात. इंग्रजी मजकूर भरून तपासलेला साचा मराठीत ढासळतो तो इथे.

म्हणून फॉन्ट पानासोबतच पाठव. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता चालेल, तो खुल्या परवान्याचा आहे. लाइन-हाइट स्वतः सांग, दीडच्या आसपास. बटणाला ठरावीक उंची देऊ नकोस, आतून पॅडिंग दे. लेटर-स्पेसिंग शून्यच ठेव; नाहीतर शिरोरेषेचे तुकडे पडतात.

हे उंचीचं झालं; चौकटीच्या रुंदीचं भांडण तर फार जुनं. इंटरनेट एक्सप्लोरर ५ पॅडिंग आणि बॉर्डर रुंदीतच धरायचा, प्रमाण सीएसएस ते रुंदीबाहेर मोजायचं. आज जो तो पहिल्याच ओळीत ‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’ लिहितो, म्हणजे हरलेल्या एक्सप्लोररचाच हिशोब सगळ्यांना सोयीचा वाटला! पानाच्या माथ्यावरचा डॉकटाइप मात्र विसरू नकोस. तो नसला, की ब्राउझर अजूनही जुन्या काळाच्या काही सवयींनी वागतात.

तंबूंची तीन कार्डं जुन्या आयफोनवर एकमेकांना चिकटतात, त्याचं कारण वेगळं. फ्लेक्सबॉक्समधला ‘गॅप’ फायरफॉक्सला २०१८ मध्ये आला, क्रोमला २०२० मध्ये, सफारीला थेट एप्रिल २०२१ मध्ये. त्याआधीच्या सफारीसाठी कार्डांना साधं मार्जिन दे. आयफोनवर क्रोम उघडून ‘क्रोममध्ये तपासलं’ असंही म्हणू नकोस. आपल्याकडे त्याच्या आतही सफारीचंच वेबकिट इंजिन चालतं.

आणि तपासायला ‘पानशेत’ हा शब्द कुचकामी, त्याच्या खाली काही लोंबतच नाही. शीर्षकात ‘कुरण बुद्रुक’ आणि वरच्या रफारासाठी ‘शिर्कोली’ ही तिथल्याच गावांची नावं टाक, मग तीन यंत्रांवरचे स्क्रीनशॉट मामाला पाठव. विंडोजचा आधी.

तुझा मामा