साथीच्या काळातील शस्त्रवैद्य

साथ आली की साथीचा रोगी सर्वांच्या डोळ्यांपुढे असतो. परंतु ज्याला साथीचा रोग झालेला नाही आणि तरीही ज्याला वैद्याची नितांत गरज आहे, असा रोगी सहज दृष्टीआड होतो. अशा रोग्यांत लहान मुले पुष्कळ असतात.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोना ही जागतिक महामारी असल्याचे जाहीर केले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. एस. टी. थांबली, प्रवासी आगगाड्या थांबल्या. परभणीसारख्या जिल्ह्यात याचा अर्थ फार कठीण होता. नवजात बालकांच्या अवघड शस्त्रक्रियांसाठी गंगाखेड, पालम, जिंतूर अशा तालुक्यांतील मातापित्यांना नांदेड, औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, किंवा थेट मुंबई गाठावी लागे. आता तर जिल्ह्याची सीमा ओलांडण्यासही परवाना हवा होता.

रुग्णालयांपुढेही मोठा पेच होता. खाटा, प्राणवायू आणि परिचारिका साथीच्या रोग्यांसाठी राखून ठेवणे भाग होते. म्हणून ज्या शस्त्रक्रिया थांबू शकतील, त्या पुढे ढकलण्यात आल्या. पण कोणती थांबू शकेल, हे ठरवावयाचे कसे?

काही उत्तरे सोपी होती. एखाद्या बालकाची अन्ननलिका जन्मतःच अपुरी असेल, तर दूध त्याच्या पोटात पोहोचतच नाही. त्याची शस्त्रक्रिया लांबवता येत नाही. सुजलेले आंत्रपुच्छ पोटात फुटले, तर प्राणावर बेतते. उलट, न दुखणारा लहानसा अंतर्गळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही काळ राहू शकतो.

खरी कसोटी या दोहोंच्या मधल्या मुलांची होती. दुभंगलेल्या टाळूने प्राण जात नाही. पण बोलणे रुळण्यापूर्वी ती शिवली नाही, तर उच्चार सदोष होतात. वाकडे पाऊल सरळ करण्यासाठी तान्हेपणीच दर आठवड्याला नवे प्लास्टर घालावे लागते. मध्येच खंड पडला, तर पाऊल पुन्हा वळू लागते. वाट पाहण्याचीही किंमत असते आणि ती मुलाला मोठेपणी मोजावी लागते.

अशी मुले वेळीच सापडावीत म्हणून २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत व शाळांत जाऊन मुले तपासतात आणि गरजूंवर विनामूल्य शस्त्रक्रिया होतात. परंतु २०२० मध्ये शाळा व अंगणवाड्याच बंद झाल्या. मुले जेथे भेटत, ती दारेच मिटली.

शस्त्रक्रियागृहातील रीतही बदलली. मुलाच्या नाकातील स्राव आधी तपासला जाई. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालावी लागते. त्या क्षणी रोग्याच्या श्वासातील विषाणू हवेत पसरण्याचा धोका अधिक असतो. सर्वांत जवळ उभा असे तो भूलतज्ज्ञ. नखशिखान्त बंद पोशाखात तासन्‌तास काम करताना घामाच्या धारा लागत. मुलाला मात्र समोर कोणाचाच चेहरा दिसत नसे. दिसत ते फक्त डोळे. त्या डोळ्यांनीच त्याला धीर द्यावा लागे.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. उपचार घराजवळ असणे म्हणजे काय, हे त्या दिवसांनी सर्वांना शिकवले होते. संकटात मोठ्या आक्रोशाकडे सर्वांचेच लक्ष जाते. त्या गलबल्यातही तान्ह्या मुलाचे क्षीण रडणे ज्याला ऐकू येते, तोच खरा सेवाव्रती होय.

स्वाध्याय
१. कोणत्या शस्त्रक्रिया थांबू शकतात व कोणत्या नाहीत? उदाहरणे द्या.
२. ‘वाट पाहण्याचीही किंमत असते,’ असे का म्हटले आहे?
३. शाळा बंद झाल्याने आजारी मुले शोधणे कठीण का झाले?